उत्तर माहीत असलेला प्रश्न

मागच्या महिन्यात एका रात्री झोपच येत नव्हती म्हणून चॅनल फिरवत बसलो होतो, तर डाय हार्डचा दुसरा भाग लागलेला. तोच तो, ख्रिसमसच्या बर्फात विमानतळ अतिरेकी ताब्यात घेतात आणि ब्रूस विलिस एकटाच पळत सुटतो. त्यात कंट्रोल टॉवरमधला एक मोठा साहेब आहे, ट्रुडो नावाचा. उंच, टक्कल पडत आलेलं, आवाज असा की खोलीतल्या सगळ्यांनी आपोआप गप्प बसावं. बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "हा माणूस खरंच कुठेतरी साहेब असणार, असं बोलणं ॲक्टिंगने येत नाही." म्हणलं साहेब नाही गं, सिनेटर. या पिक्चरनंतर चार वर्षांनी सिनेटर झाला. आणि मुळात वकील. ती उठून बसली, "मग पिक्चरमधे काय करतोय?" या प्रश्नाचं उत्तर देता देता रात्रीचा दीड वाजला आणि ती मधेच झोपली, त्यामुळे उरलेलं इथे लिहितोय.

फ्रेड थॉम्पसन. जन्म १९४२, अलाबामात, वाढला टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग नावाच्या लहान गावात. वडील जुन्या गाड्यांचे डीलर. पोरगा शाळेत असतानाच, वयाच्या १७व्या वर्षी लग्न करून बसला कारण मूल होणार होतं, आणि लग्न कुणाशी, तर गावातल्या वकिलांच्या घरातल्या मुलीशी. म्हणजे सासरवाडी वकिलांची. मला वाटतं इथेच सगळं ठरलं, कारण त्याआधी या पोराच्या अभ्यासाबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं माझ्या वाचनात नाही. मग दिवसा पोस्टात काम, रात्री सायकलच्या कारखान्यात, असं करत करत मेम्फिसला पदवी घेतली (विषय तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र, सायकल कारखान्यातल्या माणसाने तत्त्वज्ञान घ्यावं हे मला फार आवडलं) आणि १९६७ला व्हँडरबिल्टमधून वकील झाला. राजकारणात बॅरी गोल्डवॉटरच्या वळणाचा, म्हणजे सरकार जितकं लहान तितकं बरं, कर कमी, वॉशिंग्टनने आपल्या गावात नाक खुपसू नये. त्या काळात टेनेसीत रिपब्लिकन असणं ही काही फायद्याची गोष्ट नव्हती, त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटच निवडून यायचे.

१९६९ला तो केंद्र सरकारचा सहाय्यक सरकारी वकील झाला. केसेस काय तर बँकेवरचे दरोडे आणि हातभट्टीची दारू. हो, हातभट्टी, तिकडे डोंगरात जोरात चालायची. तीन वर्षं हे केलं आणि १९७२ला सिनेटर हॉवर्ड बेकरच्या निवडणुकीच्या प्रचारात उतरला. बेकर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी वॉटरगेटच्या (म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातल्या घरफोडीच्या, जिचा माग थेट व्हाइट हाऊसपर्यंत जात होता) चौकशीसाठी सिनेटची समिती बसली, तिच्यात रिपब्लिकन बाजूचे प्रमुख होते बेकर. त्यांनी आपल्या बाजूचा मुख्य वकील म्हणून कुणाला आणावं, तर या ३० वर्षांच्या हातभट्टीवाल्या वकिलाला. व्हाइट हाऊसमधे ही बातमी गेल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सनने, तोही रिपब्लिकनच, कपाळावर हात मारला. हे आपल्याला कसं माहीत, तर निक्सनच्या खोलीत टेप चालू असायची. त्याच टेपांमधे निक्सन आणि त्याची माणसं बोलताना ऐकू येतात की पोरगं फार हुशार नाही, पण आपल्या बाजूचं आहे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

शुक्रवार, १३ जुलै १९७३. बंद खोलीत समितीचे कर्मचारी अलेक्झांडर बटरफील्डची प्राथमिक चौकशी करत होते. हा आधी व्हाइट हाऊसमधे निक्सनच्या दिनक्रमाची व्यवस्था बघायचा, आता विमान वाहतूक खात्याचा प्रमुख होता. बऱ्याच वेळाने रिपब्लिकन बाजूच्याच डोनाल्ड सँडर्स नावाच्या वकिलाने विचारलं की राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसात बोलणं टेप होत होतं का. आणि बटरफील्डने सांगून टाकलं, हो, सगळं टेप होतं. खोलीतल्या लोकांना घाम फुटला असणार. सँडर्स बाहेर पडून थॉम्पसनला शोधत जवळच्या हॉटेलच्या बारमधे गेला, तिथे थॉम्पसन एका पत्रकाराबरोबर पीत बसलेला. पत्रकारासमोर बोलता येईना, म्हणून सँडर्सने त्याला हळूच बाहेर नेलं आणि रस्त्याकडेला उभं राहून सांगितलं. विचार करा, अमेरिकेच्या इतिहासातलं एवढं मोठं गुपित आणि ते दोन वकील फुटपाथवर कुजबुजतायत.

सोमवारी १६ तारखेला बटरफील्डला बोलावणं गेलं तेव्हा तो केस कापून घेत होता. त्याला दुसऱ्या दिवशी सोव्हिएत युनियनला जायचं होतं, तो यायलाच तयार नव्हता, शेवटी दम देऊन आणला. गुपित रिपब्लिकन बाजूच्या माणसाने बाहेर काढलं म्हणून प्रश्न विचारायचा मान रिपब्लिकन वकिलाला मिळाला. सगळ्या देशाचे टीव्ही चालू. थॉम्पसन मोठमोठ्या कल्ल्यांचा, केस तेव्हाच्या फॅशनप्रमाणे, सावकाश दक्षिणी हेल काढत विचारतो की राष्ट्राध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसमधे आवाज टिपणारी यंत्रं बसवली होती याची तुम्हाला माहिती होती का. बटरफील्ड थांबतो. मग म्हणतो, होती, सर.

बास. तिथून वर्षभरात प्रकरण सुप्रीम कोर्टात, टेपा द्याव्या लागतील असा ८-० निकाल, आणि ९ ऑगस्ट १९७४ला निक्सन घरी.

मी वकिली केली ती जेमतेम सहा वर्षं, तालुक्याच्या कोर्टात, नंतर सोडली. पण ज्यांच्याकडे ज्युनिअर होतो ते सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "उलटतपासात दोनच नियम. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न विचारायचा नाही. आणि हवं ते उत्तर मिळालं की गप खाली बसायचं." मी पहिला नियम एकदाच मोडला. बांधाच्या भांडणाची केस, साक्षीदार म्हणाला मी लांबून बघितलं, आता इथेच थांबायचं ना, लांबून बघितलं म्हणजे काय दिसणार. पण मला जोर आला, मी म्हणलं, "मग एवढ्या लांबून तुम्हाला बांध कोरलेला कसा काय कळला?" तो म्हणाला, "माझी म्हैस तिथंच बांधलेली असती की साहेब, रोज दोन वेळा जातो मी." जजसाहेबसुद्धा हसले. सरांनी फक्त फाईल बंद केली.

त्यामुळे थॉम्पसनचा तो प्रश्न मी बऱ्याच वेळा बघितलाय आणि दर वेळी हेच जाणवतं की जगाला वाटलं काय भेदक प्रश्न विचारला, पण त्याला उत्तर तीन दिवस आधीच माहीत होतं. नुसतं त्यालाच माहीत होतं असंही नाही. हे त्याने स्वतःच १९७५च्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय की शनिवार-रविवारच्या मधल्या वेळात त्याने व्हाइट हाऊसच्या वकिलाला, फ्रेड बझार्टला, फोन करून सांगितलं होतं की समितीला टेपांबद्दल कळलंय. म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे त्यालाच आधी कल्पना! थॉम्पसनचं म्हणणं असं की तयारी करायला वेळ मिळावा, टेपा लवकर समोर याव्यात. लोकांना ते २००७मधे परत आठवलं, जेव्हा तो राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाला, आणि मग बोस्टनच्या पेपरने पानभर लिहिलं, तेव्हा समितीतले जुने लोक चिडले की हा घरभेदीच होता. माझं मत विचाराल तर चूकच केली. पण ती चूक स्वतःच्या पुस्तकात छापणं हेही सगळ्यांना जमत नाही.

वॉटरगेटनंतर तो नॅशव्हिलला वकिली आणि वॉशिंग्टनमधे लॉबिंग (म्हणजे पैसे घेऊन कंपन्यांची बाजू सरकारदरबारी मांडायची) असं दोन्हीकडे करायला लागला. १९७७ला त्याच्याकडे एक बाई आली, मारी रॅगियांटी. टेनेसीच्या पॅरोल बोर्डाची अध्यक्ष. तिथले गव्हर्नर रे ब्लँटन, डेमोक्रॅट, आणि त्यांच्या ऑफिसमधून पैसे घेऊन कैदी सोडायचा धंदा चाललेला. कुंपणच शेत खात होतं. तिने ज्यांनी पैसे चारले अशा कैद्यांना सोडायला नकार दिला तर तिलाच काढून टाकलं, वर बदनामी केली. थॉम्पसनने तिची केस घेतली आणि १९७८ला ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, नोकरी परत, बुडालेला पगार म्हणून ३८,००० डॉलर. ब्लँटनची गंमत पुढेच आहे. जायच्या आधी, जानेवारी १९७९मधे, त्याने एका रात्रीत ५२ कैद्यांना माफी किंवा शिक्षेत सूट देऊन टाकली, त्यात खुनीही होते, तेव्हा त्याच्याच पक्षाचे लोक हादरले आणि नव्या गव्हर्नरचा, लॅमर अलेक्झांडरचा शपथविधी तीन दिवस आधीच घाईघाईत उरकला, का तर हा अजून कुणाला सोडायला नको.

या केसवर पुस्तक आलं, मग १९८५ला पिक्चर, सिसी स्पेसेक मारीच्या भूमिकेत. दिग्दर्शक नॅशव्हिलला येऊन खऱ्या माणसांना भेटत होता, थॉम्पसनशी बोलला आणि त्याच्या लक्षात आलं की या माणसासारखा नट शोधण्यापेक्षा हाच बरा. विचारलं, स्वतःचीच भूमिका करशील का? आणि ४० पार केलेला वकील, जन्मात कधी नाटकात काम न केलेला, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि जे कोर्टात केलं तेच केलं. त्यानंतर ऑफर थांबल्याच नाहीत. पाणबुडीच्या पिक्चरमधे ॲडमिरल, विमानतळाचा साहेब, क्लिंट ईस्टवूडच्या पिक्चरमधे व्हाइट हाऊसचा चीफ ऑफ स्टाफ. हॉलिवूडला सरकारी अधिकारी पाहिजे असला की थॉम्पसनला फोन. त्याला वेगळं काही करावंच लागायचं नाही.

पण मधल्या काळातलं लॉबिंग विसरून चालणार नाही, कारण तो स्वतः ते विसरायचा प्रयत्न करायचा. १९७५ ते १९९३, जवळजवळ १८ वर्षं तो वॉशिंग्टनमधे नोंदणी केलेला लॉबिस्ट होता. टेनेसीच्या बचत बँकांसाठी, अणुभट्टीच्या प्रकल्पाबद्दल वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी, अशी मोठी कामं. वकिली आणि लॉबिंग यांच्यात फरक किती, हा माझा जुना वाद आहे आणि तो इथे काढत नाही.

आणि मग १९९४. अल गोर उपराष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे टेनेसीची सिनेटची जागा रिकामी झालेली, तिची पोटनिवडणूक. समोर जिम कूपर, डेमोक्रॅट खासदार, अभ्यासू, ऱ्होड्स स्कॉलर, बाप गव्हर्नर राहिलेला. थॉम्पसन आधी सूट घालून फिरत होता आणि प्रचार काही उठत नव्हता, घोडं अडलेलं. मग त्याने जीन्स आणि बूट चढवले, एक लाल रंगाचा शेव्हरोले पिकअप ट्रक घेतला आणि गावोगाव हिंडायला लागला. ट्रकच्या मागच्या बाजूला उभं राहायचं आणि भाषण ठोकायचं. वॉशिंग्टनवाल्यांचे पगार कापा, त्यांना घरी पाठवा. कूपर बिचारा ओरडून सांगत होता की अहो हा गुच्चीचे महागडे बूट घालतो, लिंकन गाडीतून फिरतो, करोडपती लॉबिस्ट आहे, वॉशिंग्टनवाला तर हाच आहे! सगळं खरं होतं. पण सांगणारा गव्हर्नरचा मुलगा आणि ऐकणारे ट्रककडे बघतायत. थॉम्पसनला ६० टक्के मतं पडली.

आपल्याकडेही निवडणुकीत बैलगाडीत बसणारे आहेत, त्यामुळे यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. ट्रक नाटकी होता हे मान्य, पण जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या पोराचा ट्रक पूर्ण खोटा म्हणता येईल का? सायकलच्या कारखान्यात रात्रपाळी केलेला माणूस होता तो. तो खऱ्याचंच सोंग करत होता, जसं त्या पहिल्या पिक्चरमधे स्वतःचंच काम केलं तसं. यातलं अस्सल किती आणि मेकअप किती हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही, आणि बहुतेक त्यालाही नसेल.

सिनेटमधे तो काय कमाल करून गेला असं नाही. १९९७ला सिनेटच्या सरकारी कारभार समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने १९९६च्या निवडणुकीतल्या पैशाची चौकशी लावली. चीन अमेरिकन निवडणुकीत पैसा घुसवायचा प्रयत्न करतोय असं पहिल्याच दिवशी मोठ्याने जाहीर केलं. सगळ्यांना वाटलं आता परत वॉटरगेट, परत तोच आवाज. समोर डेमोक्रॅटांकडून जॉन ग्लेन, तोच तो अंतराळवीर. पण साक्षीदार देश सोडून गेलेले, कुणी तोंड उघडेना, काही महिन्यांत हवाच गेली. या वेळी उत्तर आधी माहीत नव्हतं ना.

त्याच्यातला वकील मात्र मला आवडतो तो वेगळ्याच ठिकाणी. क्लिंटनच्या महाभियोगात, १९९९ला, खोटी शपथ घेतल्याच्या आरोपावर त्याने निर्दोष असं मत दिलं, आणि न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपावर दोषी. स्वतःच्या पक्षाची लोकं चिडली असतील, पण दोन आरोप वेगवेगळे वाचले. आणि दुसरं, सिनेटमधे ९९ विरुद्ध १ अशी मतं पडायची त्यातला तो १ बऱ्याचदा हा असायचा. १९९७ला समाजसेवा करणाऱ्या स्वयंसेवकांना नुकसानभरपाईच्या खटल्यांपासून संरक्षण देणारं बिल आलं. आता याला विरोध कोण करेल, देवमाणसांचं बिल ते. थॉम्पसनने एकट्याने विरोध केला, कारण त्याचं म्हणणं, हा राज्यांचा विषय आहे, वॉशिंग्टनने यात पडायचं कामच नाही, चांगलं काम असलं तरी. बाकीचे कॉन्झर्व्हेटिव्ह राज्यांच्या हक्कांवर भाषणं द्यायचे आणि आपल्याला आवडणारा कायदा आला की गुपचूप हात वर करायचे. हा निदान हिशोबाला पक्का होता.

जानेवारी २००२मधे त्याची मुलगी गेली, औषधांचा डोस चुकून जास्त झाला म्हणून. त्यानंतर काही आठवड्यांत त्याने सांगितलं की परत निवडणूक लढवणार नाही. यावर मी काही लिहीत नाही.

सिनेटची मुदत संपायच्या आधीच, ऑगस्टच्या सुट्टीत, त्याने लॉ अँड ऑर्डर मालिकेचं शूटिंग चालू केलं, न्यूयॉर्कचा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी आर्थर ब्रँच. म्हणजे चालू सिनेटर आणि टीव्हीवर नियमित पात्र, असा हा पहिलाच. पाच वर्षं ते केलं. मधे २००५ला जॉन रॉबर्ट्स यांची सुप्रीम कोर्टासाठी निवड झाली तेव्हा बुश यांनी त्यांना सिनेटमधे फिरवायला, कुणाशी काय बोलायचं ते सांगायला याच माणसाला नेमलं. रॉबर्ट्स आजही सरन्यायाधीश आहेत. तर टीव्हीवर वकिलांचा साहेब आणि बाहेर खऱ्या न्यायाधीशाचा मार्गदर्शक, दोन्ही एकाच वेळी.

२००७ला लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी घोड्यावर बसवला. नवीन रेगन, नवीन रेगन असा जप चालू (रेगनही आधी नट, मग राष्ट्राध्यक्ष). उमेदवारी जाहीर करायच्या आधी ऑगस्टमधे आयोवाच्या जत्रेत गेला, तिथे सगळे उमेदवार शेतकऱ्यांमधे चालत फिरतात, हा गोल्फची गाडी घेऊन आणि पायात गुच्चीचे बूट. जिम कूपरने घरी बसून टाळी वाजवली असेल. उमेदवारी जाहीर केली ती ५ सप्टेंबरला, टीव्हीवर रात्री गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या जे लेनोच्या सोफ्यावर बसून, बाकीचे रिपब्लिकन उमेदवार त्याच रात्री न्यू हॅम्पशरमधे वादविवाद करत असताना. बाकीचे वर्षभर पळतायत, हे वरातीमागून घोडं.

मग पेपरवाल्यांनी जुनी बिलं उकरली. १९९१-९२ला तो ज्या फर्मशी जोडलेला होता तिच्या नोंदींत दिसलं की कुटुंब नियोजनवाल्या एका संघटनेसाठी, गर्भपाताबद्दलच्या सल्ल्यावरची बंदी उठवायला व्हाइट हाऊसशी बोलायला, याने जवळपास २० तासांची फी लावलेली. गर्भपातविरोधी मतांवर निवडणूक लढवणारा माणूस! आधी त्याच्या प्रवक्त्याने असं काही झालंच नाही म्हणून सांगितलं, मग बिलं बाहेर आली. लॉकरबीच्या, म्हणजे १९८८ला विमान उडवलं त्या बॉम्बस्फोटातल्या लिबियन संशयितांच्या वकिलांना तीनेक तास सल्ला दिल्याचंही निघालं. त्याचा बचाव एकच, वकील म्हणजे त्याचा अशील नव्हे. हा बचाव शंभर टक्के बरोबर आहे. मीही सहा वर्षांत काय काय अशील घेतले ते सांगत नाही. पण मग तोच मुद्दा आधीच ताठ मानेने सांगायचा ना, बिल सापडेपर्यंत आठवत नाही म्हणायचं आणि मग तत्त्व काढायचं, याला आमच्या बाररूममधे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डिसेंबरमधे आयोवातल्या एका वादविवादात सूत्रसंचालक बाईंनी सगळ्या उमेदवारांना हवामान बदलावर हात वर करायला सांगितलं तर हा म्हणाला आज मी हात वर करायचे खेळ खेळत नाही, बोलायला एक मिनिट देणार का? त्या नाही म्हणाल्यावर हा, मग उत्तरही नाही. टाळ्या पडल्या. तो शेवटचा दिवस जेव्हा जुना थॉम्पसन दिसला. पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात आयोवात १३ टक्के, साउथ कॅरोलिनात १६, दोन्हीकडे तिसरा, आणि २२ जानेवारी २००८ला माघार. त्याला हे पद मनापासून हवं होतं का, हा प्रश्न त्याला पत्रकारांनी शंभर वेळा विचारला, आणि एवढ्या आवाजाचा माणूस त्यावर दर वेळी गुळमुळीत बोलायचा.

नंतर म्हाताऱ्यांना घर तारण ठेवून पैसे देणाऱ्या कंपनीच्या जाहिराती केल्या, अमेरिकेतला माझा मावसभाऊ म्हणतो दुपारच्या टीव्हीवर दिवसभर हाच दिसायचा. कॅन्सर २००४पासून होता, तो उलटला. १ नोव्हेंबर २०१५ला नॅशव्हिलमधे गेला, वय ७३. लॉरेन्सबर्गमधेच पुरलं.

बायको झोपल्यावर मी मोबाईलवर ती १९७३ची क्लिप परत लावली. बटरफील्ड होती म्हणतो, आणि लोकांना तेवढंच आठवतं. पण क्लिप पुढे चालू राहते. थॉम्पसन खाली बसत नाही, लगेच विचारतो की ती यंत्रं कधी बसवली होती. बटरफील्ड म्हणतो, साधारण १९७०चा उन्हाळा. ते चुकीचं होतं, यंत्रं फेब्रुवारी १९७१ला बसली. आमच्या सरांनी पहिल्या उत्तरालाच कोट ओढून त्याला खाली बसवलं असतं.